ताक्को आत्याच्या काळ्या हिरड्या

ताक्को आत्या अंगणात कापड बांधायला बसली की गल्लीत एक आवाज सुरू व्हायचा. टक्. मग थोडा वेळ शांतता, आणि पुन्हा टक्. कापडाची चिमटी धरायची, तिच्याभोवती पांढऱ्या दोऱ्याचे वेढे घालायचे, टोक दातांत पकडून मान मागे झटकायची आणि गाठ बसली की तिथेच दोरा तोडायचा. अशा शेकडो गाठी मारलेलं कापड निळीच्या रांजणात बुडायचं, वाळायचं, आणि गाठी सोडल्या की गडद निळ्यावर पांढरी फुलं उमललेली असायची. आमच्या सेन-लुई शहरात, बेटाला जोडणाऱ्या पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून, रंगारणी पुष्कळ आहेत. पण आत्याच्या फुलांच्या कडा जितक्या स्वच्छ, तितक्या दुसऱ्या कुणाच्या नाहीत.

"हाताने आवळलेली गाठ पाण्यात ढिली होते," ती सांगायची. त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटत नसे. "माझी गाठ दात आवळतात. कुणाला जमत असेल त्याने करून बघावं."

जमायचं नाही कुणाला. आम्हा मुलींपैकी जिने जिने करून पाहिलं, तिची हनुवटी दुखली आणि गाठ सुटली.

आत्याच्या दातांइतक्याच तिच्या हिरड्याही नावाजलेल्या होत्या. काळ्याभोर. निळीत पुन्हा पुन्हा बुडवून काढलेल्या कापडासारख्या. ती हसली की त्या काळ्यावर दात असे उठून दिसायचे की समोरचा माणूस बोलणं विसरायचा. आमच्याकडे मुलगी वयात आली की हिरड्या गोंदून घेते. चटईवर आडवं व्हायचं, गोंदणारीच्या मांडीवर डोकं ठेवायचं, ती सुयांची जुडी घेऊन हिरडीवर टोचत जाते आणि वरून तेलाची काजळी चोळते. भोवती बायका टाळ्या वाजवून गात असतात, कारण मुलीने हूं की चूं करायचं नसतं. जी रडते तिची गोष्ट तिच्या सासरीसुद्धा पोचते. आत्याचीही गोष्ट पोचली होती, पण वेगळी. सोळाव्या वर्षी अर्धं तोंड टोचून झाल्यावर तिने म्हणे गोंदणारीचा हात धरला होता. सगळ्यांना वाटलं, आता ही उठणार. ती म्हणाली, "उजवीकडे वरच्या बाजूला एक जागा राहिली आहे."

माझ्या वडिलांची ती थोरली बहीण. आमच्यात आत्याचा मान आईपेक्षा जास्त. बारशात बाळ तिच्या मांडीवर, लग्नात नवरी तिच्या ताब्यात, आणि पोरींच्या हिरड्या गोंदायच्या तर हात धरून बसणारी तीच. माझ्या मुलीला, सिराला, तिने केव्हाच शब्द दिला होता. "शाळेची शेवटची परीक्षा होऊ दे, मग तुझ्या हिरड्या माझ्यासारख्या करून देते." सिरा आरशासमोर ओठ वर करून बघत बसायची.

आत्याला साखर होती. माझ्या वडिलांनाही होती. त्यांचं आधी बोट गेलं, मग पाऊल, मग ते स्वतः. आत्याला आरोग्य केंद्रातल्या नर्सने साखरेचं सांगितलं त्याला बरीच वर्षं झाली होती. पण आत्या साखरेबद्दल असं बोलायची जसं दूरच्या पाहुण्याबद्दल बोलावं: आला आहे, राहील थोडे दिवस, कंटाळून जाईल. गोळ्या उशाशी असायच्या. चक्कर आली की घ्यायची, बरं वाटलं की विसरायची. संध्याकाळी कडुनिंबाखाली शेजारच्या सिलेयकाकांची शेगडी पेटली की एकाच पत्तीवर उकळलेल्या चहाच्या तिन्ही फेऱ्या तिला हव्या असत; दर फेरीला साखर वाढते, आणि तिसरी फेरी म्हणजे पाकच.

दोऱ्याला रक्त लागलेलं पहिल्यांदा मी पाहिलं ते तबास्कीच्या, मेंढा कापायच्या सणाच्या, आधीच्या धांदलीत. सणाला नवं कापड लागतं म्हणून अंगणात बांधलेल्या कापडांचा ढीग होता. मी तिच्याशेजारी बसून गाठी मोजत होते. पांढऱ्या दोऱ्याचं तोडलेलं टोक गुलाबी होतं.

"आत्या, दोऱ्याला रक्त लागलंय."

"दोराच तो. रंग घेणारच."

"हसू नकोस. तोंड उघड, बघू दे मला."

"मी काय बाजारातला मेंढा आहे, दात बघून वय ओळखायला?" पण तिने तोंड उघडलं. मी आत पाहिलं. काळं, चकचकीत, नेहमीसारखं. मला काही दिसलं नाही.

"दिसलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग बस. दातवण जरा जोरात फिरवलं असेल."

त्यानंतर ती दातवण आणखी जोरात फिरवू लागली. मिठाच्या पाण्याने चुळा भरू लागली. शेंगदाणे खाणं तिने सोडलं. का, ते सांगितलं नाही. पाव चहात बुडवून खाऊ लागली. बोलताना ओढणीचं टोक तोंडावर धरायची नवी सवय तिला लागली, आणि माझी आत्या तोंड झाकून बोलणारी बाई नव्हती. जवळ बसलं की तिच्या श्वासाला वास यायचा. मला कळत होतं, पण आत्याला तोंडावर कसं सांगणार? रात्री पाणी पिण्यासाठी ती सारखी उठायची, तेही मला कळत होतं. दोन्ही गोष्टी मी वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. तोंड ते तोंड आणि साखर ती साखर.

मग एके दिवशी टक् झालं नाही. तिने मान मागे झटकली आणि तशीच थांबली. तोंडातून दोरा काढला, अंगठा समोरच्या खालच्या दातावर ठेवला, आणि दात हलला. मी पाहिलं. तिने पाहिलं की मी पाहिलं.

"कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "दात गेले तर मी काय, रांजण हलवणारी म्हातारी?"

ती हे रागाने बोलली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. रंगारीण म्हणून तिचं जे काही होतं ते त्या समोरच्या दातांत होतं. नवरा गेल्यावर तिने तीन मुलं याच गाठींवर वाढवली. गल्लीतल्या बायका तिला मान द्यायच्या तो याच आवाजाला.

दुसऱ्या सकाळी तिने ठरवून टाकलं होतं. "कोड्डाकडे जाते. हिरड्या पुन्हा गोंदून घेते. सैल झाल्यात, टोचल्या की आवळतील."

असं आमच्याकडे सगळेच मानतात. गोंदण शोभेसाठी असतं तसंच औषधासाठीही. हिरडीतून रक्त आलं की टोचून घ्यायचं. वाईट रक्त निघून जातं, हिरडी घट्ट होते. माझ्या आईनेही एकदा केलं होतं.

"आधी आरोग्य केंद्रात दाखवू या ना, आत्या."

"राकी, तू विद्यापीठात काय शिकलीस?"

"इतिहास."

"मग राजांची पोटं दुखली तर सांग. हिरड्यांचं मला कळतं."

कोड्डा म्हणजे जिने आत्याला सोळाव्या वर्षी टोचलं त्या बाईची मुलगी. तिच्या अंगणात चटई अंथरली होती. आम्ही चार-पाच जणी जमलो. आत्याने स्वतःच डोकं तिच्या मांडीवर ठेवलं, स्वतःच ओठ वर केला. टाळ्या सुरू झाल्या. दोन-तीनदा टोचून कोड्डा थांबली.

"ताक्को, सुईला मऊ लागतंय गं. पिकलेल्या आंब्यासारखं."

"म्हणून तर आले."

"रक्तही थांबत नाहीये."

"वाईट रक्त आहे. जाऊ दे."

आत्याने या खेपेलाही आवाज काढला नाही. तिच्या पायाची बोटं मात्र वळून घट्ट झाली होती. मी टाळ्या वाजवत होते आणि मला त्या बोटांशिवाय काही दिसत नव्हतं.

पुढच्या तीन-चार दिवसांत तिचा गाल फुगला. आधी सुपारीएवढा, मग लिंबाएवढा. ताप चढला. तोंड उघडेना, पाणी गिळवेना. अंगणात पडलेली बांधलेली कापडं तशीच राहिली आणि गल्लीत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, "ताक्को गावाला गेली का? आवाज नाही तिचा." मी टॅक्सी बोलावली. ती नको म्हणण्याच्या स्थितीत नव्हती.

आरोग्य केंद्रात नर्सने आधी गालाकडे पाहिलंच नाही. तिने आत्याचं बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला तसं तिने दुसरं बोट टोचलं, आणि पुन्हा तोच आकडा आल्यावर आमच्याकडे पाहिलं.

"गोळ्या चालू आहेत?"

"असतात," आत्या कसंबसं म्हणाली.

"असतात कुठे?"

"उशाशी."

नर्सने तिला झोपवलं. सलाइन, तापाचं औषध, साखर उतरवणारी सुई. ताप कमी होऊन तोंड थोडं उघडू लागल्यावर तिने आम्हाला बेटावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निघताना एवढंच म्हणाली, "गाल साखरेमुळे आहे आणि साखर गालामुळे. तिथे समजावून सांगतील."

डॉक्टर पन्नाशीचे, पोट सुटलेले, चष्मा कपाळावर. खूप अदबीने बोलत होते.

"बसा, मावशी. नाव?"

"ताक्को."

"आडनाव?"

"वान."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा डोळ्यांवर घेतला. "वान. म्हणजे नदीकाठची तुकुलोर."

"आणि तू कोण?"

"न्गोम. सेरेर."

सुजलेल्या गालाने आत्या पहिल्यांदा हसली. निम्मंच हसू आलं, पण आलं. "अरे देवा. एवढ्या लांब आले आणि तपासणार कोण, तर आमच्या घरचा गुलाम."

"गुलाम तू. माझ्या आजोबांनी तुझ्या आजोबांना एक पोतं बाजरीला घेतलं होतं. परत करायला गेले तर कुणी घेईना, इतका खायचा तो म्हणे." तुम्हीचं तू झालं होतं. "उघड तोंड. मालकापासून काय लपवायचं?"

आमच्यात हे असंच आहे. सेरेर आणि तुकुलोर या दोन जमातींचे लोक भेटले की एकमेकांना गुलाम म्हणणार, खादाड म्हणणार, आणि कुणी रागवायचं नाही. रागवलं तर आपलीच नाचक्की. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या चेष्टेच्या नात्यातल्या माणसाने काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. डॉक्टर न्गोमना हे माहीत होतं. आत्यालाही.

त्यांनी दिवा आत वळवला आणि बराच वेळ पाहत राहिले. एक बारीक, खुणा केलेली सळई प्रत्येक दाताच्या बाजूने हिरडीत सरकवत होते. ती कुठे थोडी जायची, कुठे खूप आत जायची, आणि तेव्हा आत्याच्या पायाची बोटं पुन्हा वळायची.

"हे गोंदण कधीचं?"

"सोळाव्या वर्षाचं. आणि पुन्हा आताचं."

"सुंदर आहे," डॉक्टर म्हणाले. चेष्टा नव्हती. "पण याचा एक घोटाळा आहे. हिरडी बिघडायला लागली की आधी लाल होते. लाल झाली की माणूस घाबरतो, दाखवायला येतो. तुझी लाल झालेली कुणाला दिसणार? वर काळा रंग."

आत्या हळूच म्हणाली, "कापडाला डाग पडला, काढता येईना, तर आम्ही काय करतो माहीत आहे? गडद निळीत बुडवतो. गिऱ्हाइकाला कळत नाही. डाग मात्र आत असतो."

"तसंच."

"आणि तिथूनच कापड आधी विरतं," आत्या म्हणाली. हे ती स्वतःशीच बोलली.

मी विचारलं, "पण डॉक्टर, साखरेचा हिरड्यांशी काय संबंध?" मला माझ्या वडिलांचं पाऊल आठवत होतं. त्याचाही संबंध मला तेव्हा कुणी सांगितला नव्हता.

"दातांच्या कडेला जंतू सगळ्यांच्याच असतात," ते म्हणाले. "तुझ्या, माझ्या. शरीर त्यांच्यावर पहारा ठेवतं. रक्तात साखर फार वाढली की हे पहारेकरी सुस्तावतात. चोर आत शिरेपर्यंत उठत नाहीत. आणि उठले की इतका धुडगूस घालतात की चोराबरोबर घरच्या भिंतीही पाडतात. तो धुडगूस म्हणजे सूज. ती थांबतच नाही, कारण साखर तिला थांबू देत नाही. बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या, त्यामुळे जखम भरत नाही. तोंड कोरडं, लाळेतही साखर, म्हणजे जंतूंना मेजवानी. शेवटी दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. दात हलतो तो हिरडी सैल झाली म्हणून नाही. खालचा खुंटा गेला म्हणून."

"आणि मी त्यात सुया टोचल्या," आत्या म्हणाली.

"पडक्या घरात आणखी दारं पाडलीस. आता उलट बाजू ऐक. ही तोंडातली सूज तोंडातच राहत नाही, रक्तातून सगळीकडे फिरते. त्यामुळे साखरेचं औषध नीट लागू पडत नाही. साखर हिरडी बिघडवते, हिरडी साखर वाढवते. दोन्ही टोकं एकदम धरली तरच गाठ सुटेल."

"दात राहतील का?" तिने विचारलं. ती या एका वाक्यासाठी आली होती.

डॉक्टरांनी चेष्टा सोडून सरळ सांगितलं. "खालचे पुढचे दोन जाणार. बाकीचे हलतात, पण वाचवता येतील. मी हिरडीच्या आत खोलवर साफ करेन, दुखेल, पुन्हा पुन्हा यावं लागेल. पण माझं काम निम्मं. साखर खाली आली नाही तर मी घासून काय उपयोग, सगळे जातील. वर्षभरात."

"दुखण्याचं मला सांगू नकोस."

"ते तुझ्या पायाच्या बोटांना सांग. आता मी मालक म्हणून तीन गोष्टी मागतो, आणि तुला नाही म्हणता येणार नाही. गोळ्या उशाशी नाही, पोटात. चहात साखर नाही. आणि दाताने दोरा तोडणं आजपासून बंद."

पहिल्या दोन गोष्टींना ती मान हलवत होती. तिसऱ्याला तिची मान थांबली.

"गुलामा," ती म्हणाली, "तू माझा हात कापून मागतोयस."

"दात मागतोय. तुझ्यासाठीच."

टॅक्सीत ती पुलाखालच्या पाण्याकडे बघत बसली. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "राकी, मला एक कात्री घेऊन दे. चांगली. गळ्यात अडकवता येईल अशी."

पुढचे महिने मी जवळून पाहिले. साखर थोडी आवाक्यात आल्यावर दोन दात काढले. मग खोल साफसफाई, एकेका बाजूची, बधिर करून. तरीही घरी आल्यावर ती तासभर भिंतीकडे तोंड करून पडायची. कण्हायची नाही. नर्सने काही आठवडे रोज सुई घ्यायला सांगितलं तर म्हणाली, "सुईला मी कधी भ्याले?" आणि पोटावर स्वतःच टोचून घेऊ लागली.

चहाचं जास्त अवघड होतं. कडुनिंबाखाली बसून पेला नाकारणं म्हणजे करणाऱ्याचा अपमान. पहिल्या संध्याकाळी सिलेयकाकांनी पेला पुढे केला आणि आत्याने हात मागे घेतला, तेव्हा काकांनी पेला तसाच धरून ठेवला.

"माझ्या चहात विष आहे का, ताक्को?"

"आहे. तू त्याला साखर म्हणतोस."

"साखरेशिवाय चहा म्हणजे तुझ्या रांजणातलं पाणी."

"मग मला रांजणातलंच दे."

काकांनी तोंड वेडंवाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशीपासून साखर पडायच्या आधी पहिल्या फेरीतला एक पेला वेगळा काढू लागले, पूर्ण कडू. पेला तिच्यापुढे ठेवताना रोज म्हणायचे, "घे, तुझं पाप." ती तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायची आणि डोळ्यांची पापणी हलू द्यायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ती उठून जाऊ लागली, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. आधी चहापासून लांब राहायला, मग चालल्यावर साखर उतरते हे यंत्रावर दिसलं म्हणून.

दुपारच्या जेवणात सगळ्यांची एकच मोठी परात. आत्या आपल्यासमोरचा भात ढकलून तिच्याकडेच राहणाऱ्या जावयाच्या बाजूला लावायची, "खा बाबा, वाळलास," आणि स्वतः कोबी, वांगं आणि मासा ओढून घ्यायची. जावई चांगलाच सुटला. शेवटी त्याचीही साखर तपासून घ्यायला तिने लावली.

तबास्कीपूर्वीची कापडं उशिरा गेली आणि काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. पण खरी लढाई गाठीशी होती. कात्रीने दोरा तुटतो, आवळत नाही. पहिलं कापड तिने नुसत्या हातांनी बांधलं. रंगवून सोडलं तर फुलांच्या कडा धुरकट. तिने ते कापड कुणाला दाखवलं नाही, पुन्हा निळीत बुडवून सगळंच गडद करायला निघाली, आणि रांजणाशी थांबली. मी बघत होते. ती कापड हातात घेऊन उभी राहिली, आणि मग न बुडवता तसंच दोरीवर वाळत घातलं. "राहू दे. चूक दिसली पाहिजे. नाहीतर सुधारणार काय?"

मग पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून ओढून पाहिला. दोऱ्याने कातडी चिरली. नर्सने ते पाहिलं आणि आत्याला ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. माझ्या वडिलांचं पाऊल मला पुन्हा आठवलं, त्या दिवशी मीही भांडले. "आत्या, एका घरातून किती पाय जायचे?" ती उठून गेली. संध्याकाळी पाहिलं तर कडुनिंबाच्या खोडात, तिच्या बसण्याच्या उंचीवर, तिने लोखंडी आकडा ठोकून घेतला होता. दोऱ्याचं टोक आकड्याला, कापडाची चिमटी दोन्ही हातांत, आणि अख्खं अंग मागे रेलायचं. गाठ अशी बसली की कात्रीचं टोकही आत शिरेना. आता गल्लीत टक् ऐकू येत नाही. दोरा ताणला की खोडातून कर्र आवाज येतो आणि मग कात्रीचा. मुलांना तो आवाज आत्याचाच वाटतो.

मधे एकदा ती घसरली, हे सांगायला हवं. कुणाच्या तरी बारशाला गोड लापशीचे दोन वाडगे खाल्ले, आठवडाभर गोळ्यांकडे पाहिलं नाही. हिरडीतून पुन्हा रक्त आलं. कोणी काही बोलायच्या आत ती स्वतःच बेटावर गेली. डॉक्टर न्गोम म्हणाले, "तुकुलोरांना एक वाडगा कधीच पुरला नाही," आणि पुन्हा साफ करायला घेतलं.

त्यांनी तिला दातांच्या फटीत फिरवायचा पांढरा दोरा दिला होता. दातवण तिने सोडलं नाही, नुसतं मऊ चावून हलक्या हाताने फिरवायला शिकली, आणि त्याच्या जोडीला हा दोरा. दोऱ्यांची तिला आवड; हा इतका बारीक दोरा पाहून ती खूश झाली होती. सुरुवातीला तो रोज लाल यायचा. ती उजेडात धरून बघायची आणि धुऊन टाकायची.

परवा सिराची परीक्षा संपली. सिरा सरळ आत्यासमोर जाऊन बसली. "शब्द दिला होतास." आमच्या घरात साखर आहे; सिराचे आजोबा साखरेनेच गेले, आत्याला आहे, मला कधी सुरू होईल सांगता येत नाही, आणि पोरीला तर मी वर्षातून एकदा तपासायला नेते तेव्हा ती माझ्यावर हसते. पण आत्याचा शब्द मोडायला मी कोण?

आत्या तेव्हा दातांत दोरा फिरवत होती. तिने तो काढला, दोन्ही हातांत ताणून कडुनिंबाच्या फांद्यांतून येणाऱ्या उन्हात धरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग सिलेयकाकांसमोर धरला.

"कोणता रंग?"

"पांढरा," काका म्हणाले. "मला काय विचारतेस, रंगारीण तू."

"रंग सुटत नाही आता," आत्या म्हणाली. सकाळीच डॉक्टरांनी तिचे दात एकेक हलवून पाहिले होते. बसलेत, म्हणाले होते. साखरही उतरली होती, पूर्वीच्या निम्म्यापर्यंत.

मग तिने सिराची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. ओठ वर केला. गुलाबी, ओल्या, निरोगी हिरड्या. आत्या बराच वेळ बघत राहिली.

"सुंदर आहेत," ती म्हणाली. "आणि मला दिसतायत. या लाल झाल्या तर मला कळेल, तुझ्या आईला कळेल. नाही गोंदायच्या."

"पण आत्याआजी, तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. आता हे म्हणते." तिने ओठ सोडला. "रडू नकोस. उजेडात येऊन बस, गाठ बांधायला शिकवते. आकड्याने."

सिरा रुसून बसली, पण उठून गेली नाही. थोड्या वेळाने खोडातून कर्र आवाज आला. पहिलाच, ओबडधोबड. आत्याने गाठ बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाली, "सैल आहे. पुन्हा."